चौथ्या पपईचा खिळा

आमच्या अंगणात पपईची चार झाडं आहेत. चारही मी लावली. इंदूरजवळच्या सांवेरच्या बाजारातून आणलेल्या एकाच पपईच्या बिया, एकाच दिवशी, एकाच शेणखतात. तीन झाडं शहाण्यासारखी वागली. खोडाला चिकटून फळं धरली, सगळ्या गल्लीला पुरली. चौथं मात्र दोन वर्षं झाली, लांब लांब देठांवर बारीक पांढऱ्या फुलांच्या माळा सोडून उभं आहे. मांडव सजलेला आणि पंगत काही बसत नाही, असा प्रकार.

"नर आहे," असा निकाल सार्थकनं दिला.

सार्थक म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मूळचा कऱ्हाडचा, इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. तीन वर्षांपूर्वी सुदामा नगरात आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे एक सुटकेस आणि अकरा कुंड्या होत्या. मी त्याला प्रोफेसर म्हणतो. त्याला ते आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणतो. या माणसाला भाजी दिली तरी आधी चिरून आत बघतो, मग खातो. एकदा माझ्या देवपूजेतली जास्वंद उचलून भिंगाखाली धरली. देवाला काही वाटलं नाही, मला वाटलं.

"नर आहे म्हणजे फळ कधीच नाही?" मी विचारलं.

"फळ नाही. पण बाकीच्या तिघींना जे फळ धरतंय ना अप्पासाहेब, ते याच्याच परागामुळे. गल्लीतल्या निम्म्या पपयांचा बाप हाच आहे."

ही बातमी मी शेजारच्या नानांना दिली. नाना जन्मभर रेल्वेत होते, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो. "इलाज आहे," ते भिंतीवरून म्हणाले. "शनिवारी सकाळी आंघोळ करून खोडात लोखंडी खिळा ठोका. सहा इंची. नर झाड घाबरतं आणि फळ द्यायला लागतं."

"घाबरून कुणी फळ देतं का नाना?"

"देतं ना भिया," नाना म्हणाले. इंदुरात भाऊला भिया म्हणतात. "मी चाळीस वर्षांपासून पाहून राहिलोय."

सार्थकनं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं असं, की नर पपईच्या फुलात एक इवलासा, अर्धवट बीजकोश निजलेला असतोच. कधी थंडी पडली, कधी हवा बदलली, की एखाद्या झाडात तो आपसूक जागा होतो आणि लांब देठावर फळ लोंबायला लागतं. लोकांनी त्याच सुमाराला खिळा ठोकलेला असतो, श्रेय खिळ्याला मिळतं. ज्या शंभर झाडांत काहीच होत नाही, ती सडून मरतात, आणि त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

तेव्हा मी खिळा ठोकला नाही. नाना अधूनमधून आठवण करून देत राहिले.

माझ्या घरात आणखी एक माणूस राहतो, माझा मुलगा मनीष. चौतीस वर्षांचा, सॉफ्टवेअरच्या एका कंपनीत आहे. त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली. खाली आम्ही दोघं राहतो, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे खाली मी राहतो आणि मनीषचे बूट राहतात. मनीष वरच असतो. प्रोफेसरचं वायफाय चांगलं आहे म्हणे. वायफाय आमच्याच हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे लावलेलं आहे.

मी वर जात नाही. गुडघ्याचं कारण सांगतो. गुडघा तितका वाईट नाही.

महिन्यातून एका रविवारी सार्थक दहा-बारा मुलामुलींना घेऊन झाडं बघत फिरतो. कधी एखाद्या बागेत, कधी कुणाच्या अंगणात. गेल्या जूनमध्ये ही फेरी आमच्याकडे आली. "ही सगळी कोण मुलं?" मी मनीषला विचारलं. "अपनेच लोग आहेत, पप्पा," तो म्हणाला आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं. एका मुलाच्या नखांना निळं पॉलिश होतं. दोन मुली एकच टोपी आलटून पालटून घालत होत्या. मी वीज मंडळात छत्तीस वर्षं काढली आहेत. कुठल्या तारेत करंट आहे, हे हात न लावता ओळखायची मला सवय आहे.

मी जाळीच्या दरवाजाआड खुर्ची टाकून बसलो. ऐकायला नाही, सावलीला.

सार्थक सीताफळाचं एक फूल हातात घेऊन सांगत होता, "हे उमलतं तेव्हा पहिल्यांदा मादी असतं. पुढच्या दिवशी बघाल, तर तेच फूल नर झालेलं असतं."

"सर, घरवाले कुछ नहीं बोलते?" निळ्या नखांच्या मुलानं विचारलं.

"बोलतात," सार्थक म्हणाला. "पण फूल तोवर आपल्या कामाला लागलेलं असतं."

सगळे हसले. मग पानफुटी झाली. तिला पोरं व्हायला कुणीच लागत नाही, पानाच्या कडेला आपोआप फुटतात. "ये तो मैं हूँ," टोपीवाल्या मुलीनं जाहीर केलं, आणि दुसरीनं तिला चिमटा काढला. मी मनातल्या मनात हिशोब लावत होतो. माझ्या एवढ्याशा अंगणात, जिथं मी रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देतो, तिथं एक सरळमार्गी झाड निघेल तर शपथ. मी इतकी वर्षं झाडांना सज्जन समजत होतो.

शेवटी ते चौथ्या पपईपाशी आले. सार्थकचा आवाज जरा उतरला. "पुस्तकात लिहिलेलं असतं, ज्या फुलात दोन्ही असतं ते पूर्ण फूल, आणि ज्यात एकच असतं ते अपूर्ण. ही नावं कुणीतरी टेबलावर बसून ठेवली. झाडाला कुणी विचारायला गेलं नव्हतं. हे झाड स्वतःला अपूर्ण समजत नाही."

मी उठलो. असं काही ऐकलं की मला खाण्याची आठवण होते. पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आलो. "पोहे थंड होऊन राहिलेत," मी म्हटलं. "पूर्ण लोक, अपूर्ण लोक, सगळ्यांनी खाऊन घ्या. शेव वेगळी ठेवली आहे."

पोरं खो खो हसली. निळ्या नखांच्या मुलानं माझ्या पाया पडायला वाकून मला अडचणीत टाकलं. मनीष मात्र हसला नाही. तो सीताफळाखाली उभा राहून माझ्याकडे बघत होता, मी नक्की काय म्हणालो याचा अंदाज घेत.

तो माझा अंदाज घेतो. चौदा वर्षं घेतोय. याचं कारण मला सांगितलंच पाहिजे.

मनीष वीस वर्षांचा होता. एका दुपारी माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "पप्पा, मला मुली नाही आवडत. मुलं आवडतात." दोन वाक्यं. ती बोलायला त्यानं किती दिवस धीर गोळा केला असेल, हे मला आज कळतं. तेव्हा मी काय केलं? हातातला चहा संपवला, त्याला स्कूटरवर बसवलं आणि सांवेरच्या पुढे एका महाराजांकडे घेऊन गेलो. महाराजांनी गंडा बांधला आणि एक्केचाळीस पुड्या दिल्या, राखेच्या. रोज सकाळी एक, पाण्यात घालून. माझा पोरगा एक्केचाळीस दिवस माझ्यासमोर उभा राहून ते पाणी प्यायला. एकदाही नाही म्हणाला नाही. बेचाळिसाव्या दिवशी म्हणाला, "ठीक हूँ, पप्पा."

मी पेढे वाटले. इतका मी मूर्ख.

त्यानंतर त्यानं मला काहीच सांगितलं नाही. नोकरी लागली तेही आईकडून कळलं. ती जायच्या आधी आठ दिवस मला म्हणाली, "त्याला परत एकदा विचारा. नीट विचारा." मी हो म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि विचारलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी मनीषला ताप आला. दुपारी मी त्याच्या खोलीत डोकावलो, तर सार्थक पलंगाला टेकून जमिनीवर बसल्या बसल्या झोपला होता. मनीष पलंगावर झोपला होता. हात हातात होता. मनीषचा चेहरा इतका निवांत मी तो शाळेत होता तेव्हाच पाहिला होता. मी दार हळूच ओढलं आणि दूध आणायला गेलो. घरात दीड लिटर दूध होतं.

मला वाईट वाटलं नाही, हे मला स्वतःलाच नवल. मला फक्त एवढंच हवं होतं, की त्यानं मला सांगावं. पण विचारायचं कसं? मी विचारणार, आणि तो पुन्हा म्हणणार, ठीक हूँ पप्पा. त्या तीन शब्दांची मला फार भीती वाटते. म्हणून मी चिडवत राहिलो. मला दुसरं काही येत नाही. "प्रोफेसर, आमच्या मनीषला कारली खायला घातलीत, जादूटोणा येतो का?" "प्रोफेसर, मनीषची रजई दिवाळीपासून सापडत नाही, तुमच्या एखाद्या झाडानं खाल्ली का बघा." सार्थक लाल व्हायचा. मनीष उठून जायचा.

सार्थक रविवारी दुपारी खाली आमच्या व्हरांड्यात कागदावर झाडं चिकटवत बसतो. फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची, खाली कोपऱ्यात नाव, जागा, तारीख, गोळा करणारा. चौथ्या पपईचाही असा कागद झाला. 'पपई. नर. जागा: अप्पासाहेबांचं अंगण, सुदामा नगर, इंदूर.' मला बरं वाटलं. माझे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, पण कुठल्या कागदावर नाव आलं ते माझंच.

"आणि उद्या हे नर नाही असं निघालं तर? खोडायचं का?" मी विचारलं.

"खोडायचं नाही कधीच," तो म्हणाला. त्यानं एक जुना कागद दाखवला. त्यावर मूळ नाव होतं, आणि बाजूला तीन छोट्या चिठ्ठ्या, वेगवेगळ्या अक्षरांत. "चूक असली तरी पहिली चिठ्ठी राहू द्यायची. ज्याला चूक कळली त्यानं शेजारी नवी चिठ्ठी लावायची. बरोबर काय ते लिहायचं, आपली सही करायची, तारीख टाकायची."

"म्हणजे तुमच्यात चुका सांभाळून ठेवतात."

"चूक कोणी केली आणि सुधारली कोणी, दोन्ही दिसलं पाहिजे ना."

मी म्हटलं, आमच्या मंडळात असं केलं असतं तर कपाटं पुरली नसती.

डिसेंबरच्या शेवटी मनीष जेवताना म्हणाला, "पप्पा, मी पुण्याला ट्रान्सफर मागून राहिलोय. संक्रांतीनंतर जाईन." मी पोळीचा तुकडा मोडला. दोन दिवसांनी सार्थक खाली आला. त्यालाही पुण्यातल्या एका कॉलेजात जागा मिळत होती, त्यामुळे खोली सोडावी लागेल, सॉरी अप्पासाहेब. योगायोग बघा. मी म्हटलं, "पुण्यात अंगणं नाहीत म्हणे, कुंड्या कुठे ठेवाल?" त्यानं मान खाली घातली.

मला कळत होतं. दोघं माझ्यापासून पळत होते. म्हणजे माझ्या घरातून हे दोघं निघून जाणार, तिथं दोन खोल्यांत मोकळे राहणार, आणि मला दर रविवारी फोनवर ऐकू येणार, ठीक हूँ पप्पा. मरेपर्यंत.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्या चिडवण्यापलीकडे जात नाहीत, हे मी आधीच सांगितलं. मी हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची खिळा आणला आणि जाहीर केलं, की शनिवारी सकाळी चौथ्या पपईत ठोकणार. मला वाटलं, सार्थक भांडेल. भांडता भांडता काहीतरी बोलून जाईल. मग मी म्हणेन, बरं, झाडाचं राहू द्या, तुमचं बोला. डोक्यात सगळं छान जमलं होतं.

शनिवारी नाना हातोडी घेऊन, आंघोळ करून, गंध लावून हजर. मी खिळा खोडाला टेकवला. सार्थक जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आला.

"अप्पासाहेब, नका. मी तुम्हाला सांगितलंय ना, यानं काही होत नाही. जखमेतून बुरशी शिरेल, झाड मरेल."

"काय हरकत आहे प्रोफेसर? फळ नाही देत. जरा घाबरवून बघू. तुम्हाला एवढा कळवळा कसला?" मी म्हटलं, आणि हसलो. मुद्दाम.

"त्याला काही झालेलं नाहीये," सार्थक म्हणाला. "बरं कशातून करताय?"

मी आता पुढचं वाक्य म्हणणार, एवढ्यात मागून मनीष आला. ऑफिसचा शनिवार नव्हता, तरी कपडे घालून तयार होता. त्यानं नानांच्या हातातली हातोडी घेतली आणि माझ्या हातात दिली. अगदी शांतपणे.

"ठोका पप्पा. झाड कुठे बोलून राहिलंय. एक्केचाळीस दिवसांनी विचारा त्याला. म्हणेल, ठीक हूँ."

आणि तो वर निघून गेला. सार्थक त्याच्यामागे गेला.

नाना म्हणाले, "एक्केचाळीस? मी तर ऐकलं होतं एकवीस." मी त्यांना घरी पाठवलं. खिळा खिशात घातला. मग पपईच्या आळ्याशी विटेवर बसून राहिलो. कचरागाडी आली, गेली. ओला कचरा दारातच राहिला. आमच्या गल्लीत हे कधी होत नाही.

चिडवणं सोपं असतं, त्यात समोरच्यानंच सगळं बोलायचं असतं. चूक माझी, आणि मी वाट बघत होतो की चिठ्ठी त्यानं लावावी.

दुपारी चारला मी जिना चढलो. अठरा पायऱ्या आहेत, त्या मीच बांधून घेतल्या आहेत. गुडघा दुखला, पण बेताचा.

दार उघडंच होतं. खोलीत एकच पलंग, त्यावर दिवाळीपासून हरवलेली रजई. दोन चहाचे कप, खोकी अर्धी भरलेली. खिडकीत अकराच्या सत्तावीस कुंड्या झालेल्या. सार्थक जमिनीवर बसून कागदांचे गठ्ठे बांधत होता. मनीष खिडकीशी पाठमोरा होता. मला बघून सार्थक धडपडत उठला आणि खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. बसलो असतो तर धीर गेला असता.

"प्रोफेसर, तुमची ती छोटी चिठ्ठी असते ना, चूक सुधारायची, ती एक द्या. आणि पेन."

त्यानं दिली. मी टेबलाशी वाकून लिहिलं. माझं अक्षर मंडळातलं आहे, फॉर्म भरल्यासारखं. लिहून झाल्यावर मनीषला म्हटलं, "इकडे ये." तो आला. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

'पूर्वी ठरवलं: मुलामध्ये बिघाड आहे. ठरवणारा: मीच. दुरुस्ती: मुलात काही बिघाड नव्हता. सांगायला आला होता, मी ऐकलं नाही. त्या पुड्यांबद्दल मला माफ कर.' खाली सही. खाली तारीख.

मनीषनं वाचलं. परत वाचलं. मग म्हणाला, "तुम्हाला केव्हा कळलं? आमचं."

"तुला ताप आला होता तेव्हा. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?" त्याचा आवाज चढला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला, आणि मला ते इतकं बरं वाटलं. "दोन वर्षं तुम्ही गंमत करून राहिला होता? रजईची, कारल्याची? आम्ही इथं रोज घाबरून राहायचो, पप्पा. मग तारीख आजची का टाकली? तेव्हाची टाका."

"मी भीत होतो," मी म्हटलं. "विचारलं, आणि तू परत ठीक हूँ म्हणालास, तर मी काय करणार होतो?"

मग सार्थक खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "तारीख बरोबर आहे. कळलं कधी ती नाही टाकत. चिठ्ठी लावली त्या दिवसाची टाकतात."

मनीषनं त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला हसू फुटलं. रडताना फुटतं तसलं.

"तर आता मी परत विचारतो," मी म्हटलं. "तुझ्या आईनं जाताना मला सांगितलं होतं, त्याला परत विचारा, नीट विचारा. मी विचारलं नाही. आता सांग."

"काय सांगू? सगळं तर माहीत आहे तुम्हाला."

"मला माहीत असणं वेगळं. तू सांगणं वेगळं."

त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "सार्थक आणि मी सोबत आहोत, पप्पा. मला त्याच्याच सोबत राहायचंय. तीन वर्षं झाली."

"तीन? मी दोनच धरून चाललो होतो. प्रोफेसर, तुम्ही आल्या आल्याच?"

"तिसऱ्या महिन्यात, अप्पा," सार्थक म्हणाला आणि जास्वंदीसारखा लाल झाला. अप्पासाहेब म्हणायचं तो विसरला होता. मी त्याला आठवण करून दिली नाही.

"पुण्याला नोकरीसाठी जायचं असेल तर खुशाल जा," मी म्हटलं. "माझ्यापासून पळायला जाऊ नका. मला तुम्ही दोघं इथं हवे आहात. मी सांगून ठेवतो, म्हणजे नंतर म्हणू नका अप्पा बोलले नाहीत."

"लेटर अजून दिलेलं नाही," मनीष म्हणाला. "सोमवारी द्यायचं होतं." त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "ही कशावर लावायची? सार्थकचे तर सगळे कागद झाडांचे आहेत."

सार्थक कागद शोधायला लागला, पण मनीष गोंदाची बाटली घेऊन जिना उतरला होता. आम्ही मागोमाग खाली आलो तेव्हा तो हॉलमध्ये स्टुलावर चढून आईचा फोटो काढत होता. फोटोच्या पाठीवर त्यानं ती चिठ्ठी चिकटवली, चारही कोपरे अंगठ्यानं दाबले, सार्थक दाबतो तसे. "आईला वाचू द्या," एवढंच म्हणाला.

फोटोबरोबर भिंतीतला जुना खिळाही उपसून आला होता, पोपड्यासकट. मनीषनं भोकात बोट घालून बघितलं.

"पप्पा, तो सहा इंची कुठे आहे?"

मी खिशातून काढून दिला. सार्थकनं स्टूल धरलं, मनीषनं ठोकला. भिंत जुनी, चांगली जाड आहे, खिळा सरळ आत गेला. आवाज बाहेर अंगणात गेला असणार, कारण पाचव्या घावाला कुंपणाच्या भिंतीवरून नानांचं डोकं वर आलं. खिडकीतून मला दिसलं.

"ठोकला का अप्पासाहेब?"

"ठोकला," मी म्हटलं.

"आता बघा, फरक पडेल."

"पडला, नाना," मी म्हटलं, आणि तिघांसाठी चहा ठेवायला आत गेलो.